विश्लेषण : वाळलेले, कललेले झाड पाडायचे तरी कसे? परवानगीनंतरचा प्रश्न कुणीच का विचारत नाही?

सोसायटीतले झाड वाळले, त्यात ते एका बाजूला कलले, की सगळी चर्चा ‘तोडायचे की नाही’ यावर होते. ‘कसे तोडायचे’ हे मात्र कुऱ्हाड आणि दोरखंड घेऊन आलेल्या मजुरावर सोपवले जाते. धोका नेमका तिथेच आहे.

पावसाळा जवळ आला की शहरांतील विभाग कार्यालयांमध्ये धोकादायक झाडांच्या अर्जांचा ढीग वाढतो. त्यामागची भीती खोटी नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरमध्ये रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्यासाठी आधीच अर्ज केला होता, पण परवानगी मिळाली नाही, असे रहिवाशांनी तेव्हा सांगितले होते. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात जुना कडुनिंब मंदिराच्या आवारातील पत्र्याच्या शेडवर पडला. शेडखाली आसरा घेतलेल्या सात जणांचा जीव गेला.

अशा घटनांनंतर परवानगीच्या दिरंगाईवर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र परवानगी हाती आल्यावर काय होते, याकडे कुणाचे लक्ष नसते. सोसायटी तीन ठिकाणांहून दर मागवते आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देते. दुसऱ्या दिवशी एक माणूस कमरेला दोर बांधून वाळलेल्या खोडावर चढतो. खाली दोघे दोर ओढायला, एक जण गाड्या थांबवायला. योजना म्हणायची तर एवढीच.

झाड खरेच वाळले आहे का?

पहिली पायरी हीच, आणि चुकाही इथूनच सुरू होतात. आपल्याकडची बरीच झाडे पानगळीची आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस, शिरीष यांच्यावर पान दिसत नाही. गुलमोहरही उन्हाळ्याच्या तोंडावर उघडाबोडका होतो. म्हणून पाने नाहीत एवढ्यावरून झाड मेले असे ठरवता येत नाही.

सोपी खूण अशी : बारीक फांदीची साल नखाने खरवडायची. आत हिरवट, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडे असेल आणि फांदी वाकण्याऐवजी कटकन मोडत असेल तर ती मेली आहे. एका फांदीवरून निष्कर्ष काढू नये, वेगवेगळ्या बाजूंच्या चार-पाच फांद्या पाहाव्यात. त्यासाठी झाडावर चढू मात्र नये. हाताला लागतील तेवढ्याच फांद्या पाहाव्यात.

यासाठी उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस नुकताच संपलेला असतो, आजूबाजूची झाडे हिरवीगार असतात आणि त्यांच्यात वाळलेले झाड लांबूनही ओळखू येते. प्रत्यक्षात पाहणी होते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा जिवंत कोण आणि मेलेले कोण हा गोंधळ जास्त, आणि हातात दिवस कमी.

झाड का वाळले, हेही पाहायला हवे. मुंबईत गेल्या दशकात पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले, तेव्हा पिठ्या ढेकूण या किडीचे नाव पुढे आले. कुठे बुंध्याला थेट काँक्रीट भिडवलेले असते, कुठे केबल किंवा गटारासाठी खोदताना एका बाजूची मुळेच तोडलेली असतात. बुंध्याशी लाकडासारख्या कडक, कंगोऱ्यांच्या बुरशीचे थर दिसले तर आत कूज पोहोचली आहे असे समजावे. बाहेरून खोड जाडजूड दिसते, पण आत पोकळी असू शकते. लाकडी हातोड्याने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज हा इशारा असतो.

कलणे कधी धोक्याचे?

प्रत्येक कललेले झाड पडणारे नसते. इमारतीच्या सावलीत वाढलेले झाड उजेडाकडे झुकते. असे झाड बुंध्याशी तिरके असले तरी वर जाताना हळूहळू सरळ होते. वर्षानुवर्षे त्याने स्वतःला सावरलेले असते. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकाच रेषेत तिरके असेल, तर ते वाढ झाल्यानंतर कलले आहे. हे जास्त गंभीर.

दुसरी खूण जमिनीत असते. झाड ज्या बाजूला कलले आहे, त्याच्या विरुद्ध बाजूची माती उचलली आहे का, तिला भेग पडली आहे का, पेव्हर ब्लॉक वर आले आहेत का, हे पाहावे. त्या बाजूची मुळे झाडाला मागे धरून ठेवत असतात. माती उचलली याचा अर्थ ती पकड सुटत चालली आहे.

कल मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. मोबाइलमधील लेव्हल ॲपनेही अंदाज येतो. बारा मीटर उंचीचे, म्हणजे साधारण चार मजली झाड १० अंशांनी कलले असेल तर त्याचा शेंडा बुंध्यापासून दोन मीटर बाहेर जातो. २० अंशांना चार मीटर. एकाच जागेवरून दर पंधरा दिवसांनी फोटो काढून ठेवला तर कल वाढतो आहे का, हे कुणालाही सांगता येते. अर्जासोबत असे तारखेसह फोटो असतील तर ‘झाड धोकादायक आहे’ या एका ओळीपेक्षा त्यांचे वजन जास्त पडते.

वाळलेले झाड तोडणे जास्त अवघड का?

अनेकांना वाटते, वाळलेले झाड हलके, तोडायला सोपे. प्रत्यक्षात उलट आहे.

जिवंत झाड पाडताना पडण्याच्या बाजूला आधी खाच घेतली जाते आणि मग मागून काप घेतला जातो. हे दोन्ही एकमेकांना भिडू देत नाहीत. मध्ये लाकडाची एक पट्टी जाणीवपूर्वक शिल्लक ठेवली जाते. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखे काम करते. तिचे तंतू वाकतात, झाड सावकाश झुकते आणि ठरलेल्या दिशेला पडते. वाळलेल्या किंवा कुजलेल्या लाकडाचे तंतू वाकत नाहीत, तुटतात. बिजागरी मध्येच तुटली की झाड कुठे जाईल, हे तोडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

कललेल्या झाडात आणखी एक अडचण असते. कललेल्या बाजूचे लाकूड दाबाखाली आणि वरच्या बाजूचे ताणाखाली असते. ताणाच्या बाजूने घाईने काप घेतला तर खोड उभे चिरते आणि त्याचा मागचा भाग उसळून तोडणाऱ्याच्या अंगावर येतो. दाबाच्या बाजूने करवत चालवली तर पाते लाकडात अडकते. शिवाय चेनसॉच्या थरथरीने वरच्या सुक्या फांद्या कोणत्याही क्षणी सुटू शकतात.

आता वजनाचा हिशेब. ६० सेंटिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका घेतला तर त्याचे घनफळ होते ०.२८ घनमीटर. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला ६०० किलो धरले तर हा एकच ओंडका १७० किलोचा. १०० सीसीच्या मोटारसायकलचे वजन साधारण ११० किलो असते. असा ओंडका सहा मीटरवरून सुटला तर १.१ सेकंदात जमिनीवर येतो, तोही ताशी ३९ किलोमीटर वेगाने. ‘बाजूला व्हा’ असे ओरडेपर्यंत तो खाली आलेला असतो, आणि चेनसॉच्या आवाजात ते ओरडणे ऐकूही जात नाही. म्हणून शिट्टी आणि हाताच्या खुणा काम सुरू होण्याआधी ठरवाव्या लागतात.

‘दोराने बांधून सोडू’ हे उत्तरही वाटते तितके सोपे नाही. हाच ओंडका एक मीटर खाली घसरला आणि दोराने त्याला पाव मीटरमध्ये थांबवले, तर दोरावर सरासरी ताण येतो वजनाच्या पाचपट, म्हणजे ८५० किलोचा. दोराची कप्पी त्याच वाळलेल्या खोडाला बांधली असेल तर खोडावर बसणारा झटका जवळपास दुप्पट होतो. त्याच खोडाला माणूसही बांधलेला असतो.

चढायचे की नाही?

या कामात सर्वांत आधी ठरवायची गोष्ट हीच. जिवंत झाडावर चढणारा माणूस झाडाच्या भरवशावर असतो. मेलेल्या झाडाचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे क्रम असा असायला हवा : पहिला पर्याय हायड्रॉलिक लिफ्ट, म्हणजे रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करताना दिसते ती बादलीची गाडी. माणूस बादलीत, त्याचा पट्टा बादलीला आणि फांद्या वरून खाली छोट्या तुकड्यांत. दुसरा पर्याय क्रेनने तुकडे धरून उतरवण्याचा. तिसरा, जागा मोकळी असेल तर झाड ज्या बाजूला कलले आहे त्याच बाजूला, माणसे दूर ठेवून, अख्खे पाडण्याचा. वाळलेल्या खोडावर माणूस चढवणे हा पर्यायच नसावा.

आपल्याकडे अनेकदा तिसऱ्या पर्यायाचे विकृत रूप दिसते. कललेल्या बाजूला भिंत किंवा गाड्या असतात, म्हणून झाड दोराने ओढून उलट्या बाजूला पाडायचा प्रयत्न होतो. वाळलेल्या खोडाला असे उलटे वळवताना ते मध्येच मोडू शकते. त्यात दोर आखूड असतो. बारा मीटरचे झाड दहा मीटरवर उभे राहून ओढणारी माणसे शेंड्याच्या टप्प्यातच असतात. ओढणारा झाडाच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर, म्हणजे १८ ते २४ मीटरवर हवा. एवढी जागा नसेल तर ती पद्धत तिथे चालणार नाही, इतका साधा नियम आहे.

आराखड्यात काय असावे?

त्यासाठी जाडजूड अहवाल लागत नाही. एक पान पुरते. त्यावर पुढील गोष्टी हव्यात.

- झाडाची उंची, बुंध्याचा घेर, कल किती आणि कुठल्या दिशेला, पोकळी किंवा कूज कुठे दिसते.

- पडण्याच्या टप्प्यात काय येते : भिंत, वॉचमनची केबिन, पार्किंग, तळमजल्याच्या खिडक्या, पाइपमधून येणारा गॅस, केबल, विजेची तार. उंचीच्या दुप्पट अंतरातली जागा रिकामी करायची. ते शक्य नसेल तर तुकड्यांत उतरवायचे आणि तेवढ्या वेळेपुरते खालचे घर किंवा दुकान रिकामे ठेवायचे.

- यंत्र कुठे उभे राहणार. हा मुद्दा हमखास विसरला जातो. लिफ्ट किंवा क्रेन काम करताना आपले पाय जमिनीवर टेकवते आणि सगळा भार त्या चार ठिकाणी येतो. त्याखाली जमिनीतली पाण्याची टाकी, सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजचा चेंबर असेल तर स्लॅब खचू शकतो. सोसायटीचा जुना नकाशा यासाठीच काढावा लागतो.

- वीज. तार जवळ असेल तर वीज कंपनीकडून लेखी शटडाउन घ्यायचा. ‘लाइनमनला फोन केला आहे’ हे पुरेसे नाही. शटडाउन घेतल्यावरही जवळच्या इन्व्हर्टर किंवा जनरेटरमधून तारेत उलटा प्रवाह येऊ शकतो, म्हणून लाइन बंद असल्याची खात्री आणि अर्थिंग कंपनीच्या माणसानेच करायचे.

- तोडणाऱ्याला मागे हटायची वाट. पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरक्या अशा दोन वाटा. त्यावर तोडलेल्या फांद्या टाकायच्या नाहीत.

- हुकूम कुणाचा. एकच माणूस. ओढा, थांबा, सोडा हे तोच सांगणार. गच्चीवरून सूचना देणाऱ्या दहा जणांना आधीच गप्प करायचे.

- थांबायचे कधी. वारा सुटला, पाऊस आला, उजेड कमी झाला की काम बंद. अर्धवट कापलेले झाड रात्रभर उभे ठेवायची वेळ येऊ नये, म्हणून सुरुवात सकाळी.

- कामगारांचा अपघात विमा, हेल्मेट, पट्टा आणि जवळचे रुग्णालय.

झाडावरच्या रहिवाशांचाही विचार या पानावर हवा. वाळलेल्या खोडातल्या ढोल्यांमध्ये पिंगळे, पोपट, तांबट राहतात. आग्या मोहोळ असेल तर मधमाश्यांचा हल्ला चढलेल्या माणसाला खाली पाडू शकतो. घरट्यात अंडी-पिल्ले असतील तर काम पुढे ढकलायचे किंवा वनविभागाला विचारायचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो शहरातल्या झाडालाही लागू होतो. खालचे खोड घट्ट असेल आणि पडून कुणाला इजा होणार नसेल, तर तीन-चार मीटरचा खुंट तसाच ठेवता येतो का, हेही तपासावे. पक्ष्यांचे घर वाचते आणि कामही कमी होते.

कायदा काय सांगतो?

शहरी भागांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. झाड खासगी आवारात असले, वाळलेले असले तरी अर्ज करावाच लागतो. जाळणे, इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वेगळे संरक्षण दिले. ग्रामीण भागात काही जातींच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे.

ही कडक चौकट गरजेची आहे. पण तिचा सारा भर ‘तोडू द्यायचे की नाही’ यावर आहे. परवानगीच्या कागदावर किती झाडे तोडायची आणि बदल्यात किती लावायची हे असते. कोणत्या यंत्राने, कुणी, कोणती जागा रिकामी करून तोडायचे, हे नसते. इमारतीला बाहेरून रंग द्यायचा तरी परांची कशी बांधणार असे विचारले जाते. कित्येक टनांचे झाड वस्तीत उतरवताना तेवढेही विचारले जात नाही.

काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट, वाळलेल्या आणि कल वाढत असलेल्या झाडांसाठी वेगळी खिडकी. पाहणीची ठरलेली मुदत आणि परवानगी नाकारली तर कारणासह, अधिकाऱ्याच्या सहीचे उत्तर. झाड उद्या पडले तर निर्णय कुणाचा होता, हे कागदावर असले पाहिजे.

यावर पर्यावरणप्रेमींचा आक्षेप रास्त आहे. होर्डिंगसमोर किंवा बांधकामाच्या आड येणारी झाडे मुद्दाम मारल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. कुठे बुंध्याला छिद्रे पाडून रसायन ओतले जाते, कुठे सभोवारची साल सोलली जाते. मेलेल्या झाडाला झटपट परवानगी मिळू लागली तर मारणाऱ्यांचे फावेल. म्हणूनच पाहणीच्या नमुन्यात ‘झाड कशामुळे मेले’ हा रकाना सक्तीचा हवा. छिद्रे, सोललेली साल, रसायनाचे डाग दिसले तर धोका दूर करण्याची परवानगी द्यावी, पण गुन्हाही नोंदवावा. झाड मुद्दाम मारले गेले असले तरी खालून जाणाऱ्या माणसाचा त्यात दोष नसतो.

दुसरी गोष्ट, परवानगीसोबत तोडणीचा एक पानी आराखडा जोडण्याची अट. आणखी एक कागद वाढेल, हे खरे. पण हा कागद दर मागवण्याआधी तयार झाला तर ठेकेदारांची तुलना नुसत्या रकमेवर होणार नाही. लिफ्ट आणणारा आणि दोर घेऊन चढणारा, या दोघांचे दर सारखे असूच शकत नाहीत. आज सोसायट्या ही दोन कामे एकच समजून स्वस्त ते निवडतात. तो फरक मजुराच्या जिवावर वसूल होतो. प्रत्येक सोसायटीला लिफ्ट परवडणार नाही, हेही मान्य करायला हवे. तिथे महापालिकेने आपली लिफ्ट ठरावीक शुल्कात द्यावी. रस्त्यावरच्या फांद्या छाटायला ती वापरली जातेच.

तिसरी गोष्ट वेळेची. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली. वादळ मेमध्येही येऊ शकते, तर मेमध्ये अर्ज करून उपयोग नाही. पाहणी ऑक्टोबरमध्ये, अर्ज नोव्हेंबरमध्ये आणि काम थंडीत, कोरड्या जमिनीवर, हे वेळापत्रक पाळणे रहिवाशांच्याच हातात आहे.

परवानगी मिळेपर्यंत काय करावे?

झाड पडण्याची वाट न पाहता खालचे आयुष्य हलवावे. कललेल्या बाजूचे पार्किंग बंद, बाक आणि झोपाळा दुसरीकडे, वॉचमनची खुर्चीही. दोरी लावून रस्ता वळवावा. झाडाला तारेने इमारतीच्या खांबाशी किंवा गच्चीच्या कठड्याशी बांधू नये. झाड पडताना कठडाही सोबत नेते. स्वतः एखादी फांदी तोडून ‘वजन कमी’ करण्याचा प्रयत्न करू नये. मातीची भेग रुंदावली, कडकड आवाज आला किंवा कल अचानक वाढला तर जागा लगेच रिकामी करून आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. मुंबईत पालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष १९१६ वर, वीजतारेसाठी १९१२, इतरत्र अग्निशमन दल १०१ आणि ११२.

ठेकेदार दारात आला की दर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : माणूस वर कसा जाणार, पहिला तुकडा कुठे पडणार आणि काम थांबवायचा हुकूम कुणाचा? यांची उत्तरे कागदावर लिहून देता येत नसतील, तर त्या दिवशी झाडाला हात लावू देऊ नये.